लाइनला दोष नाही

३ मार्च, रविवार

प्रिय मुंगी,

घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. काम तुझ्या खात्यातलं निघालं म्हणून लिहितोय. घरातलं इंटरनेट रडतंय. कंपनीनं शंभरच्या स्पीडचं कनेक्शन दिलंय आणि कॉम्प्युटरवर येतात तीन, फार तर चार. अक्षरं कशीबशी जातात-येतात, त्यामुळे ही मेल तुला मिळेल. चित्र अडकतं, आणि आवाज आलाच तर तुकड्यातुकड्यांनी येतो.

तू दिवसभर लोकांची नेटवर्कं बसल्या जागी दुरुस्त करतेस, असं तुझी आत्या सांगते. मग बापाच्या घरची एक तक्रार नोंदवून घ्यायला हरकत नसावी. तक्रारदार: टेलिफोन खात्यातला निवृत्त केबल जॉइंटर, नोकरी छत्तीस वर्षं. लाज वाटते पण लिहितो, मला दोष सापडत नाही.

आठ महिन्यांपूर्वी तू व्हिडिओ कॉल केला होतास, आई गेल्यानंतरचा पहिला आणि शेवटचा. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. तू काहीतरी विचारायला तोंड उघडलंस आणि तशीच थिजलीस. मी बघत राहिलो, म्हटलं, येईल. मग पडदा काळा झाला. तुझी आत्या म्हणते, तिकडे तुला मी लख्ख दिसत होतो, पापणी लवलेलीसुद्धा दिसत होती, आणि तुझ्या प्रश्नावर मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो. तसं नव्हतं गं. मला काही ऐकूच आलं नव्हतं. हे लिहायला आठ महिने का लागले म्हणशील, तर राहून गेलं.

आता काय तपासू ते सांग.

बाबा


५ मार्च, मंगळवार

प्रिय मुंगी,

उत्तर मिळालं. "राउटर बंद करून पुन्हा चालू करा. वायरवर आणि वाय-फायवर वेगवेगळा स्पीड मोजून कळवा." दोन ओळी. पाच वेळा वाचल्या. त्यात पाच वेळा वाचण्यासारखं काही नाही, हे मलाही कळतं.

"कळवा." पूर्वी तू "ए बाबा" म्हणून घर डोक्यावर घ्यायचीस. लेक बापाला अहो-जाहो करायला लागली की बापानं समजून जावं. असो. तक्रारदाराशी असंच बोलायचं असतं, आमच्या खात्यातही तोच नियम होता.

राउटर म्हणजे पुढच्या खोलीत दाराशेजारी कंपनीनं लावलेला पांढरा डबा, असं मी धरून चाललोय. बंद केला, शंभरपर्यंत आकडे मोजले, चालू केला. ढिम्म फरक नाही. माझा फोन बटणांचा, आणि कॉम्प्युटर तुझाच जुना, त्याला वाय-फाय ठाऊक नाही. म्हणून खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींना वर बोलावलं. त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे, फोन ताटाएवढा आहे आणि एका कानानं कमी ऐकू येतं. डब्यापाशी उभं केलं तर त्यांनी फोन कानाला लावला. म्हटलं, "अहो, स्पीड ऐकायचा नसतो, बघायचा असतो." ब्याण्णव आला. मग मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर वायरनं मोजला, तीन पॉइंट आठ. म्हणजे आडात भरपूर आहे, पोहऱ्यातच येत नाही.

घड्याळजी म्हणाले, "एवढं कुणाशी बोलायचंय तुम्हाला?" मी म्हटलं, बोलणं नाही, तक्रार आहे. ते चहा पिऊन गेले. दोन कप विसळायचे होते, तेवढीच दुपार सरली.

बाबा


९ मार्च, शनिवार

प्रिय मुंगी,

तू सांगितलंस, छोटी तयार वायर घ्या आणि कॉम्प्युटर थेट डब्याला जोडा. कंपनीनं डब्याबरोबर हातभर लांबीची एक दिली होती, ती खणात सापडली. कॉम्प्युटर पोटाशी धरून पुढच्या खोलीत नेला. पडदा नेला, कळफलक नेला, वाटेत कोपर दारावर आपटलं. तुझी आई असती तर म्हणाली असती, दाराला लागलं का हो फार?

जोडलं. चौऱ्याण्णव!

म्हणजे डबा चांगला, कॉम्प्युटर चांगला, कंपनी निर्दोष. दोष आहे तो पुढच्या खोलीपासून मागच्या खोलीपर्यंतच्या तीस मीटर वायरमध्ये. ती मी घातली आहे. गेल्या पावसाळ्यात, तुझा कॉल येणार हे ठरल्यावर, चार दिवस खपून. भिंतीच्या कडेनं, दर वीतभर अंतरावर खिळा, कुठं ढील नाही की ताण नाही. बघणाऱ्यानं बघत राहावं.

तुझ्या मेलचा शेवट मी वाचला नाही असं समजू नकोस. "लाइन नीट झाली की येत्या रविवारी सकाळी अकराला कॉल करेन. तेव्हा विचारलं होतं तेच पुन्हा विचारायचंय." वाचलं. काय विचारायचंय ते लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. आधी लाइन होऊ दे.

बाबा


११ मार्च, सोमवार

प्रिय मुंगी,

"मग झालंच की! कॉम्प्युटर पुढच्या खोलीतच ठेव ना."

ठेव ना. ठेवा नव्हे. घाईत लिहिलं गेलं असणार, पण मेलमधलं खोडता येत नाही. जिन्यात घड्याळजी भेटले, त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "काय ठेवायचंय?" त्यांना काय सांगणार, कपाळ!

पण पुढच्या खोलीत जमणार नाही. टेबल दारातून जात नाही. सकाळचं ऊन थेट पडद्यावर येतं. शिवाय जिन्यातून येणारा-जाणारा आत डोकावतो.

ही तिन्ही कारणं खोटी नाहीत, पण खरं कारण चौथं आहे. पुढच्या खोलीत तुझ्या आईची खाट आहे. होती तशीच, खिडकीला लागून. मी कॉम्प्युटर कुठल्याही कोपऱ्यात ठेवला तरी माझ्या पाठीमागे ती तुला दिसणार. खाट काढून टाका, असं सगळेच सांगतात. आत्यानं तर न्यायला माणूसही ठरवला होता. मी हो म्हणतो आणि दर आठवड्याला चादर बदलतो.

तिचे किती दिवस उरलेत हे मला महिनाभर आधी कळलं होतं आणि मी तुला सांगितलं नाही. तुला ते नंतर डॉक्टरांकडून समजलं. तेव्हापासून तू बोलणं टाकलंस. त्या रागावर माझं काही म्हणणं नाही. तो रास्त आहे.

लांब वायरच नीट करू. कुठून सुरुवात करायची?

बाबा


१४ मार्च, गुरुवार

प्रिय मुंगी,

तुझे प्रश्न मिळाले, परत "कळवा"सकट. क्रमानं उत्तरं देतो.

वायरवर काय छापलंय: भिंग लावून वाचलं. कॅट ५ई. दुकानदार म्हणाला होता, घरात याहून भारी लागत नाही.

विजेच्या वायरीला चिकटून गेली आहे का: नाही. एवढं कळतं मला.

टोकांचे प्लग कुणी लावले: हे तू मला विचारतेस? गुडघाभर पाण्याच्या खड्ड्यात बसून सहाशे जोड्यांची केबल नुसत्या बोटांच्या अंदाजानं जोडलेला माणूस आहे मी. बाराशे तारा, सगळ्या केसाएवढ्या. आमच्या धंद्यात एकच पाप होतं, जोडी फोडणं. दोन तारा एकमेकींभोवती पीळ घालून येतात. त्यातली एक इकडे नि दुसरी तिकडे गेली, की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जातं. नवरा-बायकोचं भांडण शेजारच्या वकिलाला ऐकू आल्याची तक्रार मी स्वतः मिटवली आहे. माझ्या हातून छत्तीस वर्षांत एक जोडी फुटली नाही. ह्या वायरीत तर आठच तारा, चारच जोड्या. निळी, तिच्याशेजारी केशरी, मग हिरवी, मग तपकिरी, दोन्ही टोकांना अगदी तशाच. शाळेत पोरं रांगेनं उभी करावीत तशा.

तपासलं का: तपासलं. बाजारातून आठ दिव्यांचा टेस्टर आणला. एका टोकाला एक डबी, दुसऱ्या टोकाला दुसरी. एकापासून आठपर्यंत दिवे ओळीनं लागले, एकही चुकला नाही. कंपनीचा माणूसही बोलावला होता, माझ्याच वयाकडे झुकलेला, गुडघे दुखतात म्हणून जिन्यात दोनदा बसला. वायरीवरून हात फिरवून म्हणाला, "काम बाकी देखणं केलंय." डब्याच्या पलीकडचं त्यांच्याकडे येत नाही, असं सांगून सही घेऊन गेला.

मी नोकरीत असताना निम्म्या तक्रारींवर एकच शेरा लिहायचो: लाइनला दोष नाही. लोकांना बोलायचं नसतं, उचलायचा नसतो, आणि दोष लाइनच्या माथी. नाचता येईना, अंगण वाकडं. या वेळी मात्र तो शेरा मला लिहिता येत नाहीये.

बाबा


१८ मार्च, सोमवार

प्रिय मुंगी,

"दोन्ही टोकांचे जवळून फोटो पाठवा. तारांचे रंग ओळखू आले पाहिजेत."

फोटो सध्या पाठवता येत नाही. घड्याळजींच्या फोनच्या काचेला ओरखडा गेलाय, त्यात सगळं धुकट येतं. माझ्या चष्म्याचाही नंबर बदललाय बहुतेक. आणि रंगांचं काय एवढं, टेस्टरचे आठही दिवे लागतात हे मी तुला लिहिलंच आहे.

मला वाटतं उंदीर असावा. कपाटामागे खुडबुड ऐकू येते. तिथून वायर जाते. आज स्पीड दोन पॉइंट एक, काल साडेतीन होता, म्हणजे रोज थोडी थोडी कुरतडत असणार. उंदराचं काय करतात तुमच्याकडे?

या रविवारी म्हणूनच काही जमलं नाही. पुढच्याही रविवारचं सांगता येत नाही.

तुझ्या कामाच्या जागी खिडकी आहे का? दिवसभर बसून असतेस, खुर्चीला पाठ नीट टेकते ना? आमचं काम वाईट होतं, पण पाठ वाकवणारं होतं, आखडवणारं नव्हतं. इथे बाकी सगळं जसंच्या तसं. समोरच्या न्हाव्यानं दुकानाला नवा रंग दिला. मी आता भात एका माणसाचा नेमका शिजवायला शिकलोय, उरत नाही. सकाळी कॉम्प्युटर लावतो, तुझी मेल आली का बघतो, मग दात घासतो. क्रम उलटा हवा, पण कोण बघतंय?

उंदराबद्दल कळव.

बाबा


२३ मार्च, शनिवार

प्रिय मुंगी,

उंदरावर तू अकरा ओळी लिहिल्यास. मोजल्या मी. वायर प्लास्टिकच्या पट्टीत कशी झाकायची, कपाट भिंतीपासून किती पुढे ओढायचं, कुरतडलेली जागा बोटांनी कशी चाचपायची. शेवटी लिहिलंस, "एकट्यानं कपाट ओढू नका. घड्याळजींना बोलवा."

उंदीर नाही, मुंगी. या घरात उंदीर नाही.

दोष मला पंधरा तारखेलाच सापडला. टेस्टरचं कौतुक तुला लिहून पाठवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. कंपनीची ती हातभर वायर टेबलावर पडली होती. तिचा प्लग आणि माझा प्लग शेजारी धरले, भिंग लावलं. त्यांच्या प्लगमध्ये केशरी जोडी शेजारी-शेजारी, तपकिरीही तशीच. पण हिरवी नाही. पांढरी-हिरवी तार तिसऱ्या जागी, तिची जोडीदारीण सहाव्या जागी, आणि मध्ये निळी जोडी येऊन बसलेली. आधी वाटलं, कारखान्यातल्या कुणाचं तरी लक्ष नव्हतं. मग दुसरं टोक बघितलं, तिथेही तेच. तेव्हा डोक्यात उजेड पडला. इंटरनेटचा प्लग टेलिफोनवाल्यांच्या मनाप्रमाणे बनवलेला नाही. तिथे तिसरी नि सहावी जागा मिळून एक जोडी होते. मी सगळ्या शेजारी-शेजारी बसवल्या, म्हणून तिसऱ्या जागी केशरी जोडीतली एक तार गेली आणि सहाव्या जागी हिरव्या जोडीतली. जोडी फोडायची नाही या हट्टापायी मी फोडून बसलो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हटलं असणार.

आणि दिवे? ते लागणारच. या टोकाची तार त्या टोकाला पोचली का, एवढंच दिवा विचारतो. ती कुणाबरोबर पीळ घालून आली, हे तो विचारत नाही.

तुझं बोलणं माझ्याकडे यायचं ते नेमकं त्या फुटलेल्या जोडीवरून. माझं जायचं ते पहिल्या जोडीवरून, ती शाबूत होती. म्हणून मी तुला लख्ख दिसलो आणि तू मला थिजलेली. तुला फोटो कशाला हवा होता तेही कळलं. मी रंगांची रांग लिहून पाठवली तेव्हाच तू ओळखलं असशील. तरी तोंडावर चूक काढली नाहीस, फोटो मागितलास. आणि मग उंदरावर अकरा ओळी लिहिल्यास.

दहा मिनिटांचं काम होतं. प्लग कापायचे, नवे लावायचे, पक्कड दाबायची. मी आठ दिवस केलं नाही. वायर रडत होती तोवर तू लिहीत होतीस. तुला दुसरं काही लिहिलं की उत्तर येत नाही, वायरीचं लिहिलं की येतं. हे माझ्या तिसऱ्या मेलपासूनच लक्षात आलं होतं. वायर नीट झाली तर एक तर तुझ्या मेल थांबणार, नाही तर रविवारी अकराला तू समोर येऊन तो प्रश्न विचारणार. मला दोन्ही नको होतं.

प्रश्न मला माहीत आहे. आठ महिन्यांपूर्वी त्याच संध्याकाळी आत्यानं फोन करून सांगितला होता. "शेवटी शेवटी आईनं मला फोन लावायला सांगितलं होतं का?"

हो. सांगितलं होतं.

तो सोमवार होता. दुपारी ती म्हणाली, "मुंगीला फोन लावून द्या." तुझी मुलाखत गुरुवारी होती. डॉक्टर म्हणाले होते, अजून तीन-चार आठवडे आहेत. तिचा आवाज पार खोल गेला होता. तू तो ऐकला असतास तर सगळं टाकून निघाली असतीस. मी हिशेब केला, चार दिवसांचा प्रश्न आहे, शुक्रवारी लावून देऊ. तसं तिला सांगितलं असतं तर तिनं ऐकलंही असतं कदाचित. मी सांगितलं नाही. तिच्याशी वाद घालायची माझ्यात ताकद नव्हती. मी म्हटलं, "लाइन बंद आहे."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी चहाचं निमित्त करून उठलो आणि जाता जाता भिंतीच्या सॉकेटमधून फोनची वायर काढली. फोन तिच्या उशाशीच असायचा. तिनं हात नेऊन रिसीव्हर उचलला, कानाला लावला. टोन नव्हता. मग तिला पटलं. म्हणाली, "अहो, मग दुरुस्त करा की. तुमचंच तर काम आहे ते."

मी म्हटलं, उद्या करतो.

मंगळवारी ती बहुतेक झोपेतच होती. बुधवारी सकाळी गेली. मग मी वायर परत लावली आणि त्याच फोनवरून तुला कळवलं. तुझी मुलाखत बुडालीच. म्हणजे ज्याच्यासाठी केलं तेही हाती लागलं नाही.

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं शंभर प्रश्न विचारले असते. जॉइंटर सांगतोय लाइन बंद आहे, मग ती बंदच असणार. माझ्या शब्दावर तिनं विश्वास ठेवला तो माझ्या कामामुळे. आणि तीच थाप मी या आठवड्यात तुला मारली. फोन करायचा होता तिला मारली, आता तू कॉल करणार तर तुला. उंदीर जोडीला घेतला, एवढाच फरक.

आज सकाळी दोन्ही टोकं कापून नवे प्लग लावले. हिरवी जोडी लांब-लांब बसवली, मध्ये निळी. हात ऐकत नव्हता, दोनदा चुकलं. मागच्या खोलीत, तीस मीटर वायरीवर, चौऱ्याण्णव.

उद्या रविवार आहे. हे वाचून तू कॉल केला नाहीस तर का केला नाहीस ते मला कळेल. तुला काही कारण द्यायची गरज नाही. मी अकराला बसणार आहे.

बाबा


२४ मार्च, रविवार, दुपार

प्रिय मुंगी,

तू "ठेवते" म्हणालीस आणि ठेवलंस. माझं बोलायचं राहिलं, म्हणून हे.

केस आखूड केलेस. चांगले दिसतात. समोर होतीस तेव्हा म्हणायला हवं होतं. डोळ्यांखाली काळं आलंय, रात्री झोपली नव्हतीस बहुतेक. तुझ्या मागच्या फळीवर आईचा फोटो आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तो मी काढलेला आहे, जिन्यात, ती भाजीची पिशवी घेऊन दमून टेकली होती तेव्हा. तिला तो मुळीच आवडत नसे.

मला वाटलं होतं तू ओरडशील. मी त्या तयारीनं बसलो होतो. तू एकच विचारलंस, "तिनं परत उचलला होता का रे फोन?"

मी "हो" म्हटलं. "मंगळवारी दोनदा."

कालच्या पत्रात मी हे लिहिलं नाही. ती बहुतेक झोपेत होती, एवढंच लिहिलं. तेही खरंच आहे. पण दोनदा जागी झाली, दोन्ही वेळा हात उशाकडे गेला, आणि मी दारात उभा राहून बघितलं. दुसऱ्यांदा तिनं रिसीव्हर कानालाच धरून ठेवला, बराच वेळ, कुणाशी बोलत असल्यासारखा. मग हात दुखला असेल, ठेवून दिला. मी आत गेलो नाही. हे कुणालाही सांगणार नव्हतो. तू विचारलंस तेव्हा नाही म्हणता आलं असतं, माझ्याशिवाय साक्षीला कुणी नाही. "नाही" ओठांपर्यंत आलंही होतं.

त्यानंतर नऊ मिनिटं तू बोलली नाहीस. पडद्यावर कोपऱ्यात वेळ दिसतो, म्हणून माहीत. मीही बोललो नाही. तू म्हणशील, हा माणूस परत तसाच बसला. पण सगळं येत होतं या वेळी. तू बाही डोळ्यांना लावलीस ते दिसलं. तुझ्या घरात कुठं तरी नळ ठिबकतोय, तो ऐकू येत होता. एकदा तू श्वास आत घेतलास, काहीतरी बोलणार होतीस, आणि बोलली नाहीस, तेसुद्धा ऐकू आलं.

समोरचा इतका वेळ गप्प राहिला की माणूस विचारतोच, "हॅलो, ऐकू येतंय का?" मी विचारलं नाही. तुला ऐकू आलं होतं.

बाबा